पहिलीच्या वर्गात बसलेली आक्का

आक्का,

तुझी बातमी आली तेव्हा मी शिडीवर होतो. पॉलिहाऊसवर प्लॅस्टिकचा पेपर चढवायचं काम वारं पडलेलं असतानाच करावं लागतं, आणि इथं मेघालयाच्या डोंगरात वारं पडतं ते फक्त सकाळी थोडा वेळ. पेपरची एक बाजू अडकवून झाली होती, दुसरी मोकळी होती. तेवढ्यात आपल्या चुलत्याचा, तात्यांचा फोन आला. "आक्का गेली रे. छातीत दुखतंय म्हनली, मंचरच्या दवाखान्यापतुर बी पोचलो न्हाई." मी "बरं" म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो. फोन खिशात टाकला आणि दुसऱ्या बाजूच्या, पेपर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा दाबत दाबत टोकापर्यंत गेलो. पेपर तसा सोडला असता तर वाऱ्यानं फाटून गेला असता. खाली उतरल्यावर पोरांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, बहीण गेली. मग चहा आला, तो पण प्यालो.

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर माणूस म्हणेल, कसला भाऊ आहे हा. तू म्हणाली नसतीस. तू विचारलं असतंस, "पेपर नीट बसला का पर?"

बसला, आक्का.

तात्या म्हणाले, येऊन काय करतोस, तू पोचेस्तोवर रक्षा सावडून होईल. ते खरं होतं. मी आलो नाही. अजून रडलोही नाही. आंघोळीला बसलो की वाटतं आता येईल रडू, पण पाणी संपतं आणि मी उठतो. हातपाय चालतात, भाकरी नाही मिळत पण भात जातो पोटात. फक्त कुणी काही विचारलं की उत्तर द्यायला मला वेळ लागतो. विचारणारा तोवर निघून गेलेला असतो.

आणि एक गोष्ट. बातमी ऐकल्यावर माझ्या मनात आधी तू आली नाहीस. आधी ईश्वरी आली. उद्या हिला शाळेत कोण नेणार, हे आलं. माझ्या पोरीच्या शाळेचं सगळं तुझ्यावर उभं होतं, आणि ते किती तुझ्यावर उभं होतं हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण बघायला लागलो की माझ्या छातीत धडधड व्हायची. तुला माहीतच आहे माझा स्वभाव. फोन उचलायला तुला उशीर झाला की मी आधी विचारायचो, "ईश्वरीला आकडी आली का?" आणि तू म्हणायचीस, "आली ना, मला आली, तुझा फोन बघून."

ईश्वरी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती तेव्हा आम्ही तिला जुन्नरला शिबिरात नेली होती. अपंगत्वाचा दाखला मिळाला. दाखल्यावर लिहिलेलं मला अर्धं कळलं, तिच्या आईला, सुनीताला पाऊण कळलं. डॉक्टर चांगले होते, म्हणाले, हिला बाकीच्या मुलांत ठेवा, शाळेत घाला. वय झाल्यावर पहिलीत घातली. जिल्हा परिषदेची शाळा घरापासून हाकेवर. पण घंटा झाली की ही कान धरून ओरडायची, पाटी फेकायची, दार उघडं दिसलं की पळायची. एकदा थेट कॅनॉलच्या कडेला सापडली. दोन-तीन पोरांच्या आया भांडायला आल्या. मग गुरुजी घरी आले. चांगला माणूस, मी आजही म्हणतो. सुनीताला म्हणाले, "तुमी काळजी करू नका. नाव राहू द्या पटावर. पोरगी घरीच सुखात राहील. आणि तिच्या वाट्याची खिचडी मी रोज डब्यातनं पाठवतो."

आणि पाठवली. एक दिवस चुकवला नाही. शेजारची तनुजा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायची, ईश्वरी ओट्यावर बसून तो चाटूनपुसून खायची. मला फोनवर सुनीतानं सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. देवमाणूस आहे म्हणालो. सगळं गाव म्हणत होतं. आपल्या गावात कुणाला वाईट वागायचं नव्हतंच. पोरगी घरी, खिचडी घरी, सगळे खूश.

त्यानंतर तू आलीस. दाजी गेल्यावर अवसरी बुद्रुकचं घर लावून घेतलंस आणि पेटी घेऊन माहेरी आलीस. पुढचं मला सुनीतानं सांगितलं, गुरुजींनी सांगितलं, तात्यांनी तर हसत हसत कितीदा सांगितलं. पहिल्याच दिवशी तनुजा डबा घेऊन आली. तू विचारलंस, "ही आजारी हाय का?"

"न्हाई," तनुजा म्हणाली.

"मंग डबा कशाला?"

त्या पोरीला काय माहीत. तू एका हातात डबा घेतलास, एका हातात ईश्वरीचं मनगट, आणि अनवाणीच शाळेत गेलीस. व्हरांड्यात पोरांची पंगत बसलेली. तू ईश्वरीला पंगतीत बसवलंस, डबा तिच्यापुढं उघडलास आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसलीस.

गुरुजी धावत आले. "अहो आक्का, तिला तरास व्हईल."

"तिला व्हईल का तुमाला?"

"आमाला पण व्हईल," गुरुजी म्हणाले. खोटं नाही बोलले.

"मंग वाटून घिऊ," तू म्हणालीस. "मी बसते की हितं."

आणि बसलीस. पहिलीच्या वर्गात, भिंतीला पाठ लावून, ईश्वरीचा फ्रॉक मुठीत धरून. कांद्याच्या वखारीत निवडायला जात होतीस ते बंद केलंस. गावात लोक काय गप्प बसतात? वाटेवर कुणीतरी म्हणालं, "काय आक्का, या वयात पयलीत नाव घातलं व्हय?" तू म्हणालीस, "व्हय, आन् तुज्या लेकाच्या म्होरं नंबर काढते का न्हाई बघ."

मी ऐकून हसलो होतो. लाजही वाटली होती थोडी. कारण शाळेतून पळणारा मी. आठवतं ना? लहानपणी मला पण तूच न्यायचीस, मनगट धरून. तू स्वतः चौथीनंतर घरी बसलेली, आणि मला दारापर्यंत सोडून परत वळायचीस. तू वळलीस की मी मागच्या बाजूनं बाहेर. सातवीनंतर तर गेलोच नाही. नारायणगावच्या एका टोळीबरोबर पॉलिहाऊसच्या कामाला लागलो, तेव्हापासून गाव मागं आणि मी पुढं, गुजरात, हिमाचल, आता हे. तू तेव्हा बरेच दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. रागावली असशील. का वाईट वाटलं होतं? विचारायचं राहिलं. अशा छोट्या छोट्या राहिलेल्या गोष्टी फार निघायला लागल्या आहेत.

आपलं मोठं भांडण अशा पोरांच्या निवासी शाळेवरून होतं. ते मिटलं नाही आणि आता कसं मिटणार?

ईश्वरी पहिलीत असताना दिवाळीला मी आलो होतो तेव्हा तू, मी आणि सुनीता तिला घेऊन शहरातली ती शाळा बघायला गेलो. मला शाळा आवडली. अजून आवडते. स्वच्छ होती, पोरांना चालायला शिकवायच्या दांड्या होत्या, बोलायला शिकवणाऱ्या बाई वेगळ्या, हातांना व्यायाम द्यायला माणूस वेगळा. शिकलेली माणसं होती. एक बाई ईश्वरीशी असं बोलली की ही तिच्या मांडीवर जाऊन बसली. तू खाटा बघत होतीस. एकेका खाटेची चादर हातानं सारखी करत होतीस. त्यांना विचारलंस, "रातच्याला आकडी आली तर कोण उठतं?" त्यांनी सांगितलं, मावशी असतात. तू मान हलवलीस.

परतीच्या एसटीत ईश्वरी तुझ्या मांडीवर झोपली होती. मी म्हणालो, "कशी वाटली?"

"चांगली हाय. लई चांगली हाय."

"मग घालू या."

"लांब हाय."

"आता जवळ कुठं हाय अशी?"

"न्हाई ना. तेच तर म्हनते मी."

मला राग आला. मी म्हणालो, गावच्या शाळेत काय आहे? त्या खास शिक्षिका, मॅडम, त्यांच्याकडं आपल्या गावापासून वर पार आहुप्यापर्यंतच्या शाळा. पाऊसपाण्यात डोंगर चढून जातात बिचाऱ्या, आपल्याकडं यायला वार उरतो तेव्हा येतात. बाकीचे दिवस ही काय शिकते? घंटा ऐकते. तू म्हणालीस, "घंटा ऐकती ना पर? आधी ऐकत न्हवती." आणि मग एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "समदी असली पोरं उचलून लांब नेली, तर हितं कुनी कशाला काय करंल?"

मी म्हणालो, "माझ्या एका पोरीनं गावाची शाळा सुधारायची व्हय? आणि तू काय जन्माला पुरणार आहेस?"

तू ईश्वरीच्या तोंडाला लागलेली लाळ पदरानं पुसलीस. माझं म्हणणं तेव्हा चूक नव्हतं, आक्का. आजही मला ते चूक वाटत नाही. तुझंही नव्हतं. दोघं बरोबर असले की भांडण कसं संपवायचं हे मला कुणी शिकवलं नाही.

दुसरं भांडण अगदी आत्ताचं. व्हिडिओ कॉलवर मी बघितलं, तू शाळेच्या फाटकाबाहेर बसलेली, चिंचेखाली. म्हटलं, ईश्वरी कुठंय? म्हणालीस, आत. मी किती बोललो तुला. कॅनॉल जवळ आहे, आकडी आली तर कोण धरणार, तू आत बसायचं सोडून बाहेर काय करतेस. तू म्हणालीस, "हितं ऊन बरं लागतंय." आणि चिंचेखाली तर सावली होती, मला फोनवर दिसत होती.

तू गेल्यावर मॅडमचा फोन आला. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. आवाज तरुण आहे. थोडं बोलल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या आक्कांना मीच बाहेर बसवलं होतं." मी म्हटलं, कसं काय? मग त्यांनी सांगितलं. ईश्वरीला घंटेची भीती होती तर त्यांनी घंटा तिच्याच हातानं वाजवायला लावली, ते तू मला सांगितलं होतंस. पण हे सांगितलं नव्हतंस. पहिलीत तू तिच्याशेजारी बसायचीस. दुसरीत मॅडमनी तुला दारात बसायला सांगितलं. मग व्हरांड्यात. मग आवारात, हापशाजवळ. आणि या वर्षी, चौथीत, फाटकाबाहेर. "त्यांना जमत नव्हतं हो," मॅडम म्हणाल्या. "मी दारात बसवून गेले की परत आत जाऊन बसायच्या. मी पुढच्या वेळी आले की पोरं चुगली करायची, मॅडम, आत्या आत आली व्हती. मग त्या पोरांनाच शिव्या द्यायच्या." मॅडम हसल्या.

मी फोन धरून उभा राहिलो. एसटीत मी तुला जे विचारलं होतं त्याचं उत्तर तू इतकी वर्षं देत होतीस. रोज थोडं मागं सरकत. माझ्याशी एक शब्द न बोलता. मी बडबडत होतो तेव्हा नुसतं ऊन बरं लागतंय म्हणालीस. का गं? मला कळलं नसतं? कदाचित नसतं कळलं. मी म्हणालो असतो, नको, आत बस.

आता मागचं सांगतो. तू विचारलंच असतंस.

तुझा दहावा व्हायच्या आधीच त्या निवासी शाळेतून फोन आला. एक जागा झाली आहे, कळवा. तात्या म्हणाले, "आता कशाला इचार करतो, राव? आक्का व्हती तवर ठीक व्हतं. सुनीता रानात जाईल का शाळंत बसंल?" मलाही तसंच वाटलं. सोपं वाटलं. गुरुजींचाही फोन आला. म्हणाले, "सगळं सावरेस्तोवर पोरगीला घरीच राहू द्या. मी डबा पाठवतो." मी म्हणालो, उपकार झाले, गुरुजी. मनापासून म्हणालो.

डबा आला. तनुजानंच आणला, ती पण आता चौथीत. सुनीतानं ओट्यावर ईश्वरीपुढं ठेवला. ईश्वरीनं उघडून बघितलं, झाकण लावलं आणि डबा सुनीताच्या हातात परत दिला. सुनीताला वाटलं भूक नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुनीतानं मला फोन केला. "खात न्हाई ओ. दुसरं खाती. भात खाती, चपाती खाती. खिचडी उघडती आन् परत देती."

"तिखट झाली असंल," मी म्हणालो.

"पोरंच खात्यात ती. तिखट कशानं व्हईल?"

मला उत्तर द्यायला वेळ लागतो म्हणालो ना. पलीकडून सुनीता म्हणाली, "मी नेऊन बघू का?"

मी म्हणायला पाहिजे होतं, हो. मी म्हणालो, "पळाली तर?" सुनीता म्हणाली, "पळाली तर धरीन." आणि फोन ठेवला. आक्का, सुनीता माझ्याशी असं कधी बोलत नव्हती. हे तुझ्याकडूनच शिकली ती.

तिनं नेली. पंगत बसलेलीच होती. ईश्वरी सुनीताचा हात सोडून गेली आणि तनुजापुढं उभी राहिली. तनुजा शेजारच्या पोराला म्हणाली, "सरक ना रे, तिची जागा हाय." तो तोंड वाकडं करून सरकला. ही बसली. खिचडी खाल्ली. सांडली, पुन्हा मागितली, बोटानं दाखवून. सुनीता म्हणाली, "मला काय करावं कळंना. मी नुसती उभी."

गुरुजी तिच्याजवळ आले. ईश्वरीला खाताना बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं व्हतं, आक्कांमुळं बसते ती." मग म्हणाले, "उद्यापास्नं सकाळीच आणा. घंटा आजकाल दुसरंच कुनी वाजवतंय, ते काय मला बरं वाटंना." पुढं म्हणाले, "सोडून रानात जा तुमी. काय लागलं तर फोन करतो."

"रानात रेंज न्हाई माझ्या फोनला."

"मग ह्यांना करतो."

ह्यांना म्हणजे मला, आक्का. मेघालयात. सुनीता हसली म्हणे. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

तर आता असं आहे. शाळेत काही झालं तर गुरुजी मला फोन करणार, मी तात्यांना करणार, तात्या बेल्ह्याच्या बाजाराला गेलेले नसले तर मोटारसायकल काढून शाळेत जाणार. लोकांना सांगितलं तर हसतील. मी साइटवर सगळीकडं फिरून बघितलं, बाकी ठिकाणी फोनची रेंज कधी येते, कधी जाते, भरवशाची फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी असते. म्हणून शाळेच्या वेळेत मी तिथं जाऊन बसतो, जमेल तेवढा वेळ. सुपरवायझरला सांगून ठेवलंय. स्प्रिंगा सरळ करायच्या, पाईपला छिद्रं पाडायची, असली बसून करायची कामं मी टाकीपाशी आणून करतो.

निवासी शाळेला मी काल फोन केला. त्या बाईंशी बोललो, ज्यांच्या मांडीवर ईश्वरी बसली होती. आता नको म्हणालो. त्या म्हणाल्या, नक्की का? मी म्हणालो, नक्की नाही, पण आता नको. पुढच्या वर्षी पाचवी. पाचवीची शाळा पुढच्या गावात, रस्ता ओलांडून, तिथले गुरुजी वेगळे, पोरं वेगळी. तिथं काय करायचं मला माहीत नाही. तुला माहीत होतं का? का तूही तेच ठरवून ठेवलं होतंस, की पुन्हा पहिल्यापासून, आधी शेजारी, मग दारात? विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, पाचवी आल्यावर बघू. मला असं म्हणता येत नाही. मी आत्तापासून झोपेत तो रस्ता बघतो.

तुला उपकार म्हणायचे नाहीत मला. उपकार गुरुजींचे, मॅडमचे, त्या डॉक्टरांचे. तुझं काय म्हणायचं त्याला शब्द सापडत नाही, आणि शाळा सोडली त्याचं आज पहिल्यांदा इतकं वाईट वाटतंय. कदाचित शिकलो असतो तर सापडला असता. कदाचित नसताही.

आत्ता मी टाकीपाशी बसूनच हे लिहितोय. गावाकडं शाळा भरली असेल. फोन मांडीवर ठेवलाय, स्क्रीन वर करून. आवाज पूर्ण वाढवलाय. रेंज आहे, बघितलं. मघापासून वाजलेला नाही. आक्का, अजून वाजलेला नाही.